टर्नटेबल ते ॲम्प्लिफायर : घरच्या स्टिरिओच्या केबली बदलण्याच्या प्रकल्प नोंदी

१४ जून २०२५

या प्रकल्पाचा हेतू मर्यादित आहे. दिवाणखान्यातील स्टिरिओच्या उपकरणांना एकमेकांशी जोडणाऱ्या सर्व केबली तपासायच्या, ज्या बदलण्याने खरोखर फरक पडेल त्या बदलायच्या, आणि फरक का पडला हे आकड्यांनिशी लिहून ठेवायचे. संचात एक टर्नटेबल (त्यावर ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई ही मूव्हिंग मॅग्नेट प्रकारची कार्ट्रिज, म्हणजे सुईचे कंपन विजेत बदलणारा भाग), वेगळा फोनो प्रीॲम्प्लिफायर (कार्ट्रिजचा क्षीण संकेत वाढवणारा), इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर, सीडी प्लेअर, एक डॅक (डिजिटल संकेताचा ध्वनिसंकेत करणारे उपकरण) आणि त्याला जोडलेला टीव्ही व सेट-टॉप बॉक्स आहेत. स्पीकरच्या तारा या प्रकल्पात घेतलेल्या नाहीत, कारण तिथला प्रश्न वेगळा आहे. तिथे प्रवाह मोठा असतो आणि तारेची जाडी व लांबी पाहिली की काम भागते.

तक्रारी तीन आहेत. रेकॉर्ड लावून आवाज वाढवला की बारीक हम, म्हणजे सततची घरघर, ऐकू येते. डाव्या चॅनेलचा आवाज पिन हलवली की जातो-येतो. तिसरी तक्रार पत्नीची आहे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. ती गायन शिकलेली आहे व तानपुरा स्वतः लावते. तिचे म्हणणे असे, की रेकॉर्डवरील तानपुरा ऐकताना जव्हारीचा (घोडीवर तारेखाली ठेवलेला) दोरा जागेवरून सरकल्यासारखा वाटतो. नाद आहे, पण त्यावर एक पातळ, टोचणारी खरखर चढलेली आहे. तीच मैफल सीडीवर ऐकली की ही खरखर नसते. म्हणजे दोष ॲम्प्लिफायरमध्ये किंवा स्पीकरमध्ये नसून सुईपासून फोनो प्रीॲम्प्लिफायरपर्यंतच्या मार्गात कुठेतरी आहे.

१५ जून २०२५

केबलींना हात लावण्यापूर्वी भिंतीतील सॉकेट तपासले. आमची ठाण्याची इमारत जुनी आहे, आणि जुन्या इमारतींत तीन छिद्रांचे सॉकेट दिसले म्हणून त्यामागे अर्थिंग असेलच असे गृहीत धरता येत नाही. मल्टिमीटरने मोजल्यावर फेज आणि न्यूट्रल यांमध्ये २३२ व्होल्ट आले, पण फेज आणि अर्थ यांमध्ये जेमतेम ६० व्होल्ट, तेही सतत हलणारे. स्वयंपाकघरातील सॉकेटवर मात्र फेज-अर्थ २३१ आणि न्यूट्रल-अर्थ दीड व्होल्ट मिळाले. स्टिरिओमागच्या सॉकेटची अर्थची तार कुठेच जोडलेली नव्हती, हे त्यावरून उघड झाले.

याचा परिणाम ॲम्प्लिफायरच्या पत्र्यावर मोजता आला. त्याचा पत्रा आणि स्वयंपाकघरातून ओढून आणलेली अर्थची तार यांमध्ये ९५ व्होल्ट दिसले. आधुनिक उपकरणांत विजेच्या वाटेवरील गोंगाट गाळण्यासाठी फेज व न्यूट्रलपासून पत्र्याकडे छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थ जोडलेले नसेल तर पत्रा या दोहोंच्या मधोमध कुठेतरी तरंगत राहतो. त्यातून वाहणारा प्रवाह अत्यल्प असतो, पण ओल्या हाताला मुंग्या आल्यासारखे वाटते. शिवाय या प्रवाहाला जमिनीकडे जाण्याचा दुसरा मार्ग नसल्याने तो केबलींच्या बाहेरच्या जाळीतून, म्हणजे शील्डमधून, एका उपकरणाकडून दुसऱ्याकडे जातो.

परवानाधारक वायरमनला बोलावून मुख्य बोर्डापासून या सॉकेटपर्यंत हिरवी तार नव्याने ओढून घेतली. आता स्टिरिओची सर्व उपकरणे एकाच सॉकेटवरून, एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर चालतात. हम घालवण्यासाठी प्लगची अर्थची पिन कापून टाकण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो सल्ला कोणीही, कधीही मानू नये. ती पिन जीव वाचवण्यासाठी असते, आणि हम घालवण्याचे सुरक्षित मार्ग उपलब्ध असताना तिच्याशी खेळण्याचे काहीही कारण नाही.

२१ जून २०२५

अर्थिंग झाल्यावर हम बराच कमी झाला, पण गेला नाही. एकेक केबल काढून पाहण्याची पद्धत वापरली. सर्व स्रोत काढले असता ॲम्प्लिफायर शांत. सीडी प्लेअर जोडला, शांत. डॅक जोडला आणि हम परत आला. डॅकला टीव्ही जोडलेला, टीव्हीला सेट-टॉप बॉक्स, आणि सेट-टॉप बॉक्सला गच्चीवरून येणारी केबल. गच्चीवरची केबल काढताच हम थांबला.

कारण समजायला सोपे आहे. गच्चीवरून येणाऱ्या केबलची जाळी इमारतीत कुठेतरी जमिनीला टेकलेली असते, आणि आमचा ॲम्प्लिफायर आता घरच्या अर्थिंगला टेकलेला आहे. या दोन जमिनी एका पातळीवर नसतात. त्यांच्यातील फरकामुळे ५० हर्ट्झचा प्रवाह सेट-टॉप बॉक्स, टीव्ही, डॅक आणि ॲम्प्लिफायर या साखळीतून फिरतो व वाटेत आरसीए केबलच्या, म्हणजे उपकरणे जोडणाऱ्या नेहमीच्या ध्वनिकेबलच्या, जाळीतून जातो. आरसीए जोडणीत ही जाळी दुहेरी काम करते: ती बाहेरचा त्रास अडवते आणि संकेताची परतीची तारही तीच असते. त्यामुळे जाळीच्या दोन टोकांमध्ये पडलेला प्रत्येक मायक्रोव्होल्ट थेट संगीतात मिसळतो. जाळीचा रोध जितका कमी, तितका हा त्रास कमी. आरसीए केबल निवडताना पहिली गोष्ट हीच पाहावी असे माझे मत आहे, आणि जाहिरातींत तिचा उल्लेख जवळपास कधीच नसतो.

टीव्ही ते डॅक हा दुवा ऑप्टिकल केबलने जोडला. काच किंवा प्लास्टिकच्या तंतूतून प्रकाश जातो, वीज जात नाही, म्हणून साखळी तिथे तुटली. हम गेला. ऑप्टिकल केबल स्वस्तातली आहे आणि तिच्याकडून आणखी कशाचीही अपेक्षा नाही.

२२ जून २०२५

जुन्या केबली मोजण्याचा दिवस. साध्या मल्टिमीटरवर मिलिओहम नीट मोजता येत नाहीत, कारण मीटरच्या स्वतःच्या तारांचाच रोध त्यात मिसळतो. त्यावर उपाय असा केला. पॉवर सप्लायवर प्रवाहाची मर्यादा १ अँपिअर ठेवली, तो प्रवाह केबलच्या जाळीतून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सोडला आणि दोन्ही पिनांच्या बाहेरच्या कड्यांमधील व्होल्टेज वेगळ्या तारांनी मोजले. १ अँपिअरला जितके मिलिव्होल्ट, तितके मिलिओहम.

सीडी प्लेअरबरोबर आलेल्या साच्यातल्या पिनांच्या केबलच्या जाळीचा रोध २१० मिलिओहम भरला. एक पिन कापून उघडली तेव्हा जाळी म्हणजे मध्यतारेभोवती सैल गुंडाळलेल्या केसांसारख्या काही तारा इतकीच होती, आणि रबराचा साचा पुढून जाड व भक्कम दिसावा म्हणूनच मोठा केलेला होता. टर्नटेबलसाठी वापरात असलेली जाड, निळी, सव्वा मीटरची केबल तुलनेने बरी निघाली. तिची जाळी दाट होती. तिचा खरा दोष दुसऱ्या मीटरवर दिसला. एलसीआर मीटरवर मध्यतार आणि जाळी यांमधील कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) २६० पिकोफॅरड आला. केबल दिसायला राजेशाही आहे, पण आतला विद्युतरोधक थर पातळ असल्याने तार आणि जाळी एकमेकांच्या फार जवळ आहेत.

डाव्या चॅनेलच्या जाण्या-येण्याचे कारणही सापडले. पिनेचे बाहेरचे कडे सैल झालेले होते आणि आतला सोल्डरचा टाका मळकट, खडबडीत व तडकलेला होता.

२८ जून २०२५

आजचे काम कागदावरचे. केबलचा कपॅसिटन्स कुठे महत्त्वाचा आणि कुठे बिनमहत्त्वाचा, हे एकदा हिशेबाने ठरवले की अर्धा बाजार आपोआप बाद होतो.

सीडी प्लेअरचा आउटपुट इम्पीडन्स (बाहेर पडणाऱ्या संकेताला आतून होणारा विरोध) २०० ओहम धरला आणि केबल प्रतिमीटर २१५ पिकोफॅरडची वाईट धरली, तरी एक मीटरच्या केबलमुळे उच्च स्वर जिथे ३ डेसिबलने उतरतात ती वारंवारता ३७ लाख हर्ट्झ येते. माणसाच्या कानाची मर्यादा २० हजार हर्ट्झ. तेव्हा सीडी प्लेअर किंवा डॅक ते ॲम्प्लिफायर या दुव्यात कपॅसिटन्सची चिंता करण्याचे कारण नाही. तिथे जाळीचा रोध आणि पिनांची पकड एवढेच पाहायचे.

एक अपवाद नोंदवून ठेवतो, कारण माझ्या एका मित्राच्या घरी तो आहे. त्याच्याकडे ॲम्प्लिफायरच्या आधी केवळ ५० किलोओहमचे व्हॉल्यूम पोटेन्शिओमीटर (आवाज कमी-जास्त करणारा फिरता रोध) असलेली पेटी आहे. अशा पोटेन्शिओमीटरचा आउटपुट इम्पीडन्स सर्वांत वाईट स्थितीत, म्हणजे आवाज ६ डेसिबलने खाली असताना, साडेबारा किलोओहम होतो. त्यापुढे त्याच वाईट केबलचे दोन मीटर लावले तर ३ डेसिबलची उतरण २९,६०० हर्ट्झवर येते आणि २० हजार हर्ट्झवर दीड डेसिबलहून अधिक घट होते. त्याने केबल अर्ध्या मीटरची करावी. तांबे शुद्ध आहे की नाही याची चौकशी करण्यापेक्षा त्याला त्याने अधिक लाभ होईल.

आता कार्ट्रिज. व्हीएम९५ईच्या कॉइलचा इंडक्टन्स (प्रवाहातील बदलाला विरोध करण्याचा गुण) ५५० मिलिहेन्री आहे, आणि निर्मात्याने शिफारस केलेला भार ४७ किलोओहम व १०० ते २०० पिकोफॅरड असा आहे. कॉइलचा इंडक्टन्स आणि तिच्यापुढे जोडलेला एकूण कपॅसिटन्स मिळून एक अनुनाद तयार होतो. एकूण कपॅसिटन्समध्ये टोनआर्मच्या आतली तार, केबल आणि प्रीॲम्प्लिफायरचे इनपुट हे तिन्ही धरावे लागतात. माझ्याकडे आर्मची तार ३० पिकोफॅरड मोजली गेली, प्रीॲम्प्लिफायरचे इनपुट १०० पिकोफॅरडचे आहे आणि जुनी केबल २६० ची. बेरीज ३९०, म्हणजे शिफारशीच्या वरच्या मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट.

३९० पिकोफॅरडला अनुनाद १०,९०० हर्ट्झच्या आसपास येतो. ४७ किलोओहमचा भार त्याला पुरेसा दाबू शकत नाही, त्यामुळे ९ हजार हर्ट्झवर २.७ डेसिबलचा उंचवटा येतो आणि त्यापुढे आवाज वेगाने कोसळून २० हजारांवर ९ डेसिबल खाली जातो. हीच बेरीज १८५ पिकोफॅरडवर आणली तर अनुनाद १५,८०० हर्ट्झवर सरकतो, उंचवटा अर्ध्या डेसिबलवर येतो आणि २० हजारांवरची घट ४ डेसिबल राहते. या हिशेबात कॉइलमधील अंतर्गत नुकसान आणि सुईच्या दांडीचा यांत्रिक अनुनाद धरलेला नाही, त्यामुळे अंतिम आलेख असाच असेल असे म्हणता येत नाही. मात्र दोन केबलींमधील फरक हिशेबाप्रमाणेच पडायला हवा.

पत्नीच्या तक्रारीचा अर्थ इथे लागतो. तानपुऱ्याची जव्हारी म्हणजे घोडीच्या किंचित वक्र पृष्ठाला तार घासत राहिल्याने उमटणारी स्वरांशांची दाट रांग. ही रांग मूळ षड्जाच्या कितीतरी पट वर, काही हजार हर्ट्झपर्यंत पोहोचते. तिच्या वरच्या टोकाला अडीच-पावणेतीन डेसिबलचा उंचवटा दिला आणि त्यापुढचा भाग कापून टाकला, तर दोरा सरकलेल्या तानपुऱ्यासारखेच ऐकू येणार. दोऱ्याची उपमा सुचणे हे तिच्या कानाचे श्रेय आहे. मी मीटर घेऊन त्याच जागी उशिरा पोहोचलो.

५ जुलै २०२५

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर खरेदी. नकाशावर त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग घेणारा कोणीही आजही लॅमिंग्टन रोडच म्हणतो.

टर्नटेबलसाठी ७५ ओहमची कोॲक्सियल (मध्ये तार आणि भोवती जाळी असलेली) केबल घ्यायची हे ठरवूनच गेलो होतो. त्यामागचे कारण पुन्हा कपॅसिटन्सच. ज्या केबलचा इम्पीडन्स ७५ ओहम आहे आणि जिच्या मध्यतारेभोवती भरीव पॉलिथिन आहे, तिच्यात संकेताचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या ६६ टक्के असतो. या दोन आकड्यांवरून तिचा कपॅसिटन्स प्रतिमीटर ६७ पिकोफॅरड येतो, मग तिच्यावर कोणाचेही नाव छापलेले असो. फेसाळ पॉलिथिनची केबल असेल तर तो ५४ पर्यंत उतरतो. व्हिडिओसाठी बनलेल्या या केबली ध्वनिसाठी उत्तम ठरतात, आणि त्यांची किंमत मीटरवर ठरते.

मात्र इथे डोळे उघडे ठेवावे लागतात. दुकानदाराने प्रथम दाखवलेली केबल टीव्हीसाठीची होती. तिची जाळी ॲल्युमिनियमची होती, आणि ॲल्युमिनियमवर साधे सोल्डर धरत नाही. मध्यतारेला लोहचुंबक लावले तर ती चिकटली; म्हणजे आत पोलाद आणि वर तांब्याचा मुलामा. टीव्हीच्या उच्च वारंवारतेला हे चालते, कारण तिथे प्रवाह फक्त पृष्ठभागावरून वाहतो. ध्वनीच्या वारंवारतेला मात्र सगळी तार कामाला लागते. दुसऱ्या केबलची तार चुंबकाला चिकटली नाही, पण ब्लेडने खरवडताच आत पांढरी चमक दिसली: तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम. तिसरी केबल आतून-बाहेरून तांब्याची निघाली, मध्यतार भरीव आणि जाळी इतकी दाट, की तिच्या फटींतून आतले पांढरे पॉलिथिन जेमतेम दिसत होते. तीच घेतली. लोहचुंबक आणि ब्लेड खिशात ठेवून केबल घ्यायला जाणे याला पर्याय नाही.

पिना रीन कंपनीच्या एनवायएस३७३ घेतल्या. त्यांची पकड एकसारखी आहे, केबल आवळणारा भाग धातूचा आहे आणि किंमत अवाजवी नाही. त्यांहून कितीतरी पट महाग पिनाही शेजारच्या दुकानात होत्या. त्यांचे बाहेरचे कवच जड होते, पण सोल्डर करण्याची आतली जागा तीच आणि तेवढीच. जड पिनेने उपकरणामागच्या सॉकेटवर भार पडतो, हा तिचा उघड तोटा आहे.

गिटारची म्हणून मिळणारी केबलही पाहिली. तिच्या जाळीखाली काळ्या, वीजवाहक प्लास्टिकचा एक थर असतो. केबल हलवली असता घर्षणाने उमटणारा खरखराट तो शोषून घेतो. रंगमंचावर त्याचा उपयोग आहे. घरातल्या कपाटामागे केबल हलतच नाही, आणि या थराचा एखादा तुकडा सोल्डर करताना सोलायचा राहिला तर मध्यतार व जाळी यांमध्ये गळती होते. म्हणून ती घेतली नाही.

१२ जुलै २०२५

पावसाची झोड चालू असल्याने दिवसभर घरी सोल्डरिंग केले. टर्नटेबलच्या केबलची लांबी ८० सेंटिमीटर ठेवली. प्रीॲम्प्लिफायर टर्नटेबलच्या शेजारच्या फळीवर हलवल्याने एवढी पुरते, आणि प्रत्येक कमी केलेला सेंटिमीटर कपॅसिटन्सच्या बेरजेतून वजा होतो.

या केबलची अडचण तिच्या पॉलिथिनमध्ये आहे. जास्त वेळ उष्णता दिली की ते मऊ होते, मध्यतार सरकते आणि वाकवलेल्या बाजूला जाळीच्या जवळ जाते. म्हणून मध्यतारेला आधी स्वतंत्रपणे सोल्डरचा पातळ लेप दिला, पिनेच्या आतल्या पेल्यालाही दिला, आणि मग दोन्ही एकत्र आणून सोल्डरिंग आयर्नचे टोक दोन-तीन सेकंदांहून अधिक टेकवले नाही. जाळी सुईने विंचरून एका बाजूला पिळली व पिनेच्या बाहेरच्या पट्टीला सोल्डर केली. या टाक्याला अधिक उष्णता लागते, कारण पट्टी जाड असते, म्हणून तो करताना मध्यतारेला छोट्या चिमट्याने धरून ठेवले. सोल्डर ६०/४० चे, राळ असलेले. सोल्डरिंग आयर्नचे तापमान ३४० अंश सेल्सिअस. टाका थंड होताना हलला नाही तर तो चकचकीत दिसतो. मळकट टाका दिसला की उतरवून पुन्हा करायचा.

केबल आवळणारी पट्टी फार घट्ट दाबू नये, कारण तिच्याखाली पॉलिथिन दबते. बाहेरच्या काळ्या आवरणावर हीटश्रिंक नळीचा एक थर देऊन मग पट्टी दाबली, म्हणजे पकड मिळते आणि आतल्या गोलाईला धक्का लागत नाही.

मोजमाप: कपॅसिटन्स ५५ पिकोफॅरड, दोन्ही चॅनेल सारखे. जाळीचा रोध, पिनांसह, १४ मिलिओहम. टर्नटेबलची वेगळी अर्थची तार केबलबरोबर न बांधता स्वतंत्र ठेवली आणि प्रीॲम्प्लिफायरच्या स्क्रूला आवळली. ही तार विसरली तर कितीही चांगली केबल हम थांबवू शकत नाही. कार्ट्रिजचा संकेत अवघा ४ मिलिव्होल्टचा, सीडी प्लेअरचा २ व्होल्टचा. म्हणजे पाचशे पटींचा फरक. त्यावर फोनो प्रीॲम्प्लिफायर आरआयएए वक्रानुसार (रेकॉर्ड वाजवताना लावायच्या ठरलेल्या स्वर-समतोलानुसार) ५० हर्ट्झला १ हजार हर्ट्झच्या तुलनेत १७ डेसिबल अधिक उचलतो. २० मायक्रोव्होल्टचा हम इथे शिरला तर तो संगीताच्या पातळीखाली ४६ डेसिबल असूनही या उचलीनंतर केवळ २९ डेसिबल खाली उरतो, आणि शांत आलापीत तो नक्की ऐकू येतो.

भरीव मध्यतारेमुळे ही केबल ताठ आहे. तिचा भार टर्नटेबलच्या सॉकेटवर पडू नये म्हणून फळीच्या मागे एक प्लास्टिकची क्लिप ठोकून तिला आधार दिला.

१९ जुलै २०२५

नवी केबल लावल्यावर पत्नीने पहिल्याच रेकॉर्डला मान डोलावली. तेवढ्यावर नोंद बंद करायला माझी तयारी नव्हती, कारण केबल बदलल्याचे तिला ठाऊक होते. ठाऊक असलेल्या गोष्टीबद्दल कान स्वतःच साक्ष देऊ लागतात, आणि हे चांगल्या कानांच्या बाबतीतही घडते. या क्षेत्रात एबीएक्स चाचणीचा (ए आणि बी ऐकवून, एक्स हा त्यांपैकी कोणता हे न सांगता ओळखायला लावणे) वापर १९८२ पासून रूढ आहे. त्या वर्षी डेव्हिड क्लार्क यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात तिचे वर्णन प्रसिद्ध केले.

पद्धत अशी ठेवली. एकाच रेकॉर्डवरील तानपुरा व आलापीचा तोच भाग जुन्या आणि नव्या केबलमधून २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर ध्वनिमुद्रित केला. दोन वाजवण्यांमध्ये अर्धा तास जाऊ दिला, म्हणजे सुईने तापलेले खोबण पूर्ववत व्हावे. दोन्ही मुद्रणांची पातळी १ हजार हर्ट्झच्या आसपासच्या भागावरून ०.१ डेसिबलच्या आत जुळवली, कारण किंचित मोठा आवाज माणसाला नेहमी ‘चांगला’ वाटतो. रेकॉर्डच्या प्रत्येक वाजवण्यात टिकटिक वेगळी येते आणि ऐकणारा तिच्यावरून मुद्रण ओळखू शकतो, म्हणून टिकटिक नसलेले लहान तुकडेच निवडले. फूबार२००० या प्रणालीचा एबीएक्स घटक क्रम स्वतः ठरवतो. मलाही तो माहीत नव्हता.

निकाल : पत्नीने १६ पैकी १४ बरोबर ओळखले. निव्वळ अंदाजाने १६ पैकी १२ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते. १४ ची तर फारच कमी. दोन्ही मुद्रणांचे वर्णपट (कोणत्या वारंवारतेला किती आवाज याचे आलेख) एकमेकांतून वजा केले तेव्हा ९ हजार हर्ट्झवर जुनी केबल सुमारे २ डेसिबल वर आणि १५ हजारांवर जवळजवळ तेवढीच खाली दिसली. हिशेबाने दोन्ही ठिकाणी २.२ डेसिबल यायला हवे होते.

यानंतर जी चाचणी केली ती मला या सगळ्या प्रकल्पात सर्वांत मोलाची वाटते. नवी केबल तशीच ठेवून प्रीॲम्प्लिफायरच्या इनपुटशी प्रत्येक चॅनेलला १८० आणि २२ पिकोफॅरडचे दोन पॉलिस्टायरीन कपॅसिटर समांतर जोडले. म्हणजे केबल नवी, पिना नव्या, तांबे नवे, फक्त एकूण कपॅसिटन्स जुना. मुद्रण केले, वर्णपट काढला, आणि जुन्या केबलचा उंचवटा जसाच्या तसा परत आला. पत्नीला काही न सांगता ऐकवले, तेव्हा तिने पुन्हा दोऱ्याचीच तक्रार केली. काही रुपयांच्या कपॅसिटरने जुनी केबल हुबेहूब उभी राहिली. जुन्या आणि नव्या केबलमध्ये जो फरक ऐकू येत होता, तो सगळा त्या दोनशे पिकोफॅरडांत होता.

यावरून उलट दिशेचीही काळजी घ्यावी लागते. सर्वच कार्ट्रिजना कमी कपॅसिटन्स हवा असतो असे नाही. ऑर्टोफॉनच्या टूएम रेडसाठी शिफारस १५० ते ३०० पिकोफॅरडची आहे. दुसऱ्या कोणी माझी केबल जशीच्या तशी उचलून लावण्यापूर्वी स्वतःच्या कार्ट्रिजचा कागद आणि स्वतःच्या प्रीॲम्प्लिफायरचा इनपुट कपॅसिटन्स पाहावा.

२ ऑगस्ट २०२५

उरलेल्या तारेतून सीडी प्लेअर ते ॲम्प्लिफायर आणि डॅक ते ॲम्प्लिफायर अशा एक-एक मीटरच्या जोड्या बनवल्या. सीडी प्लेअरच्या जुन्या व नव्या केबलीची तशीच एबीएक्स चाचणी घेतली. पत्नीचे १६ पैकी ९ आले, माझे ८. म्हणजे ओळखता येत नाही. हिशेबही तेच सांगत होता.

तरीही जुनी केबल परत लावली नाही, कारण जाळीच्या रोधाचा मुद्दा उरतोच. उद्या टीव्ही पुन्हा तारेने जोडावा लागला आणि १ मिलिअँपिअरचा प्रवाह फिरू लागला, तर २१० मिलिओहमवर २१० मायक्रोव्होल्ट पडतील, म्हणजे २ व्होल्टच्या खाली ८० डेसिबल. १४ मिलिओहमवर तोच त्रास १०३ डेसिबल खाली राहील. पहिला रात्रीच्या शांततेत ऐकू येऊ शकतो, दुसरा येत नाही.

सीडी प्लेअरच्या डिजिटल आउटपुटपासून डॅकपर्यंत याच ७५ ओहमच्या तारेचा आणखी एक तुकडा लावला. पिन तीच आरसीए असली तरी तिथे केबलचा इम्पीडन्स ठरलेला असतो, आणि साधी ध्वनीची केबल तिथे नियमात बसत नाही.

११ ऑक्टोबर २०२५

पावसाळा संपल्यावर सर्व जोडण्या पुन्हा मोजल्या. ठाण्याच्या दमट हवेत जोडण्यांवर पातळ थर चढतो व संपर्काचा रोध वाढतो. टर्नटेबलची केबल १४ वरून १७ मिलिओहमवर गेली होती. पिन काढून, जागच्या जागी दोन-तीनदा फिरवून बसवली तेव्हा पुन्हा १४ आले. सीडी प्लेअरच्या मागचे सॉकेट अधिक काळवंडलेले होते. ते आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसले. सँडपेपर वापरू नये, त्याने मुलामा निघून जातो आणि पुढच्या पावसाळ्यात गंज लवकर धरतो.

प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना कागदी पट्ट्या लावून त्यांवर लांबी, पिकोफॅरड आणि मिलिओहम लिहिले. पुढची तपासणी फेब्रुवारीत, सुई बदलताना. सुई व्हीएम९५ मालिकेतलीच, अधिक सूक्ष्म टोकाची घ्यायचा विचार आहे. या मालिकेच्या सुया एकमेकींच्या जागी बसतात आणि कॉइल तीच राहते, त्यामुळे केबलचा हिशेब बदलावा लागणार नाही.